बाटली इथेच ठेव, नोंदवही सोबत ने

या वेळचे पत्र नागपुरातल्या एका विद्यार्थिनीचे आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

“मॅडम, मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या विभागाचा जर्मनीतील लाइपझिगच्या एका पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेशी विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा करार झाला असून १ जून ते ३१ ऑगस्ट अशा तीन महिन्यांसाठी माझी निवड झाली आहे. तिकडची एक विद्यार्थिनी जानेवारीत आमच्याकडे येईल. गेले सहा महिने मी नागनदीच्या पाण्यातून प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वेगळे करत आहे. आमच्याकडे एक ऑटोक्लेव्ह, दोन इन्क्युबेटर आणि एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. तिकडे बहुतेक काम डीएनएच्या क्रमनिर्धारणावर, म्हणजे डीएनएतल्या घटकांचा क्रम वाचण्यावर, चालते, त्यामुळे तिथे माझा निभाव लागेल का, अशी भीती वाटते. विभागातल्या एका वरिष्ठांनी सुचवले की चांगल्या वाढलेल्या चार-पाच स्लँट (तिरक्या पोषक थरावर जिवाणू वाढवलेल्या काचेच्या नळ्या) कपड्यांत गुंडाळून बॅगेत टाक, कोणी पाहत नाही, तिकडे तुझी किंमत वाढेल. बाबांना वाटते की वर्ष वाया जाईल. आजी म्हणते, ‘त्या घान पान्यासाठी एवढ्या दूर कायले चालली वं पोरी?’ आणि खरे सांगायचे तर, ती जर्मन मुलगी इथे येऊन आमची प्रयोगशाळा आणि आमची नदी पाहील, याची मला आतून लाज वाटते. मी काय करावे?”

प्रिय विद्यार्थिनी,

तू जावेस, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र तुझ्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट त्या स्लँटची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. त्या स्लँट बॅगेत टाकू नकोस. चार नाही, दोन नाही, एकही नाही. सुचवणाऱ्यांचा हेतू तुझ्या भल्याचा असेल, पण हा सल्ला तुझे, तुझ्या विभागाचे आणि तुला बोलावणाऱ्या प्रयोगशाळेचे एकाच वेळी नुकसान करणारा आहे.

आपल्या देशातला जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे आणि त्यातल्या ‘जैविक संसाधने’ या संज्ञेत वनस्पती व प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीव आणि त्यांचे जनुकीय द्रव्यही येते. म्हणजे नागनदीतून वेगळा केलेला जिवाणू आणि त्याच्यापासून काढलेला डीएनए हे दोन्ही या कायद्याच्या कक्षेत आहेत. असे द्रव्य संशोधनासाठी देशाबाहेर न्यायचे असेल तर चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी घ्यावी लागते. दोन देशांतल्या संस्थांच्या सहयोगी प्रकल्पांना कायद्यात वेगळी सवलत आहे, परंतु ती केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या आणि रीतसर मान्यता मिळालेल्या प्रकल्पांनाच लागू होते. तुमचा करार त्यात बसतो की नाही, हे विभागप्रमुखांनी कागद समोर ठेवून तपासायचे आहे. तू तर्काने ठरवायचे नाही. पलीकडच्या बाजूलाही तितकेच कडक नियम आहेत. जनुकीय संसाधनांविषयीचा नागोया करार २०१० साली झाला, १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी युरोपीय संघाने ५११/२०१४ क्रमांकाचे विनियम करून आपल्याकडच्या संशोधकांवर असे बंधन घातले की बाहेरच्या देशातून आलेले जैविक द्रव्य मूळ देशाच्या कायद्याप्रमाणेच मिळवले आहे, याची खात्री त्यांनी स्वतः करून घ्यावी आणि तिचा पुरावा जपून ठेवावा. तू कपड्यांतून काढलेली स्लँट त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांसमोर ठेवशील, तेव्हा जबाबदार माणूस असेल तर त्यांना ती नाकारावीच लागेल, आणि तीन महिन्यांची सुरुवात अविश्वासाने होईल. स्वीकारली, तर त्यावर बेतलेला शोधनिबंध पुढे कुठे अडेल, याचा नेम नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी दुसरे कारण उरतेच. तुझ्या स्लँटवर काय वाढले आहे, हे तुला पूर्णपणे ठाऊक नाही. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा, अजून नीट ओळख न पटलेला जिवाणू काचेच्या नळीत, कापसाच्या बोळ्यासह, सामानाच्या पट्ट्यावर आदळत जाणार. नळी फुटली तर ती बॅग उचलणाऱ्या हमालाच्या किंवा उघडणाऱ्या तपासनिसाच्या हाताला तो लागणार, आणि त्या माणसाला आपल्याला काय लागले हे कधी कळणारही नाही. संसर्गजन्य द्रव्य प्रवाशाच्या सामानातून नेण्यास विमानवाहतुकीच्या नियमांत मनाई आहे. ते न्यायचेच झाले तर एकात एक अशा तीन आवरणांत बांधून, वर खूण लावून, घोषित मालवाहतुकीतून जाते. ‘कोणी पाहत नाही’ हे वाक्य आपल्या शास्त्रात कोणाच्याही तोंडी शोभत नाही, कारण न दिसणाऱ्या गोष्टींची काळजी घेणे हेच तर आपले काम आहे.

आता त्या जिवाणूंचे काय करायचे? या आठवड्यातच प्रत्येकाचा १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमधला साठा तयार कर आणि शक्य असल्यास दोन वेगळ्या ठिकाणच्या अतिशीत कपाटांत ठेव. तुमच्याकडे उणे ८० अंशांचे कपाट नसेल, तर शहरातल्या दुसऱ्या एखाद्या विभागाला विनंती कर. अशा विनंत्या मान्य होतात, फक्त त्या लेखी आणि यादीसह कराव्या लागतात. हे मी आग्रहाने सांगते, कारण स्लँटवरून स्लँटवर नेत राहिले की जिवाणू बदलत जातो. प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके पुष्कळदा प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या मुख्य डीएनएपासून वेगळ्या असलेल्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, असतात आणि माध्यमात ते प्रतिजैविक नसेल तर काही पिढ्यांत प्लाझ्मिड गळून पडू शकते. तीन महिन्यांनी परत आल्यावर तुला जिवाणू मिळेल, पण त्याचा जो गुण तू अभ्यासत होतीस तो कदाचित मिळणार नाही. ज्यांची ओळख पक्की झाली आहे, असे एक-दोन जिवाणू चंदिगडच्या एमटीसीसी या १९८६ पासून चालत आलेल्या संग्रहात किंवा पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात जमा करण्याविषयी मार्गदर्शकांशी बोल. तिथे मिळणारा क्रमांक कोणत्याही देशातल्या संशोधकाला सांगता येतो. क्रमनिर्धारणही देशातच करून घेता येते. मात्र निष्कर्ष आणि माहिती परदेशी संस्थेला देण्याविषयीही कायद्यात तरतूद आहे, त्यामुळे कोणती माहिती कोणाला दिली जाईल, हे करारात लिहिलेले आहे का ते जाण्याआधी पाहून घे.

जिवाणूंची बाटली इथे राहिली, तर सोबत काय न्यायचे? माझे उत्तर आहे, एक नेमका प्रश्न आणि तुझी नोंदवही.

‘नागनदीत प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू आहेत’ हा प्रश्न नाही. ज्या शहरात माणसे औषधे घेतात, त्या प्रत्येक शहराच्या सांडपाण्यात ते सापडतात, लाइपझिगच्याही सापडतील. नागपुरात बसून विचारता येईल असा प्रश्न आपल्या नदीच्या वाटेत आहे. ती लावा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावात येते, तिथून पुढे शहराच्या मध्यातून सांडपाणी पोटात घेत पूर्वेला जाते, पिवळी नदीला मिळते, मग कन्हानला, आणि कन्हान वैनगंगेला. त्या पाण्याची पुढची गाठ गोसीखुर्दच्या जलाशयाशी आहे, जिथे शेती आहे, मासेमारी आहे आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना आहेत. आता विचार कर. माणसाच्या आतड्यातून आलेले जिवाणू नदीच्या उघड्या, तापलेल्या, सूर्यप्रकाश लागणाऱ्या पाण्यात फार काळ टिकत नाहीत, असे आपण शिकवतो. मग शहर सोडल्यावर काही किलोमीटरांत ते मरत असतील, तर त्यांची जनुकेही त्यांच्यासोबत संपतात, की मरण्यापूर्वी नदीतल्या मूळच्या रहिवासी जिवाणूंच्या हवाली होतात? तुझ्या प्लेटवर (जिवाणू वाढवण्याच्या बशीत) याचे उत्तर मिळणार नाही, कारण नदीचे मूळचे रहिवासी मॅकाँकी आगर या आतड्यातल्या जिवाणूंसाठीच्या माध्यमावर बहुधा उगवतच नाहीत. लाइपझिगमध्ये ज्या पद्धती चालतात, त्या नेमक्या इथे उपयोगी पडतात. म्हणून ती पद्धत त्यांच्या पाण्यावर शीक, प्रश्न आपला ने आणि काम परत येऊन आपल्या नदीवर कर. अशा रीतीने तुला नागनदीचा एक थेंबही सोबत न्यावा लागणार नाही, आणि तीन महिन्यांत जमेल तेवढेच काम पदरात घेतल्यामुळे दमछाकही होणार नाही.

तुझी भीती मी समजू शकते. आपण प्लेट ओततो, लूप तापवतो, कॉलन्या मोजतो आणि जगाने हे सोडून दिले असेल असे वाटते. पर्यावरणातल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली जितक्या पेशी दिसतात, त्यांपैकी पुष्कळदा एक टक्काही प्लेटवर वाढत नाहीत, ही विसंगती जुनीच आहे आणि तिला ‘महान प्लेट-मोजणी विसंगती’ असे नाव १९८५ साली देण्यात आले. तेव्हा प्लेटची मर्यादा खरी आहे. परंतु क्रमनिर्धारणाच्याही मर्यादा तितक्याच खऱ्या आहेत, आणि त्या तुला आधीपासून माहीत असतील तर तू तिथे कोणाच्या मागे राहणार नाहीस. डीएनए सापडला याचा अर्थ तो जिवाणू जिवंत होता असे नाही. एखाद्या गटाचा वाटा दहा टक्क्यांवरून वीस टक्के झाला, तर तो गट वाढला, की बाकीचे मेले, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. त्यासाठी एकूण संख्या वेगळी मोजावी लागते. डीएनए काढण्याच्या किटमध्येच परके डीएनए असू शकते, म्हणून नमुना न घालता सगळ्या पायऱ्यांतून नेलेली रिकामी नळी सोबत ठेवावी लागते. प्रयोगशाळेतल्या पहिल्या चर्चेत ‘रिकाम्या नळीत काय आले?’ एवढा एकच प्रश्न तू विचारलास, तर समोरच्यांना कळेल की ही मुलगी नीट शिकून आली आहे.

एक उदाहरण देते, कारण ते मला फार मोलाचे वाटते. अमोनियाचे नायट्रेट होण्याची क्रिया (नायट्रीकरण) दोन वेगळ्या गटांतले जिवाणू दोन टप्प्यांत करतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्रादस्की यांच्या १८९० च्या सुमाराच्या कामापासून शंभरहून अधिक वर्षे आपण शिकवत आलो. मीही फळ्यावर तेच दोन बाण काढत आले. २०१५ साली व्हिएन्ना आणि नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथल्या दोन गटांनी दाखवून दिले की नायट्रोस्पायरा कुळातले काही जिवाणू हे दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. त्यांतला एक खोल तेलविहिरीच्या गरम पाण्याच्या नळावर साठलेल्या बुळबुळीत थरातून आलेला होता, दुसरा मत्स्यपालनाच्या टाकीशी जोडलेल्या गाळणीतून. जनुकसंचाचे वाचन नसते, तर हा शोध लागला नसता, हे खरे. पण ते वाचन करण्याजोगे काहीतरी हाती येण्याआधी कोणीतरी त्या जिवाणूंना मंद, कमी अमोनियाच्या आहारावर महिनोन्महिने सांभाळले होते, आणि ते काम तू आज करतेस त्याच जातीचे आहे. स्वच्छ हाताने केलेले स्ट्रिकिंग (प्लेटवर जिवाणू रेघांनी पसरवणे), न चुकलेले डायल्युशन (नमुना ठरावीक पटीने पातळ करणे) आणि प्रत्येक प्लेटवर लिहिलेली तारीख यांना कोणत्याही यंत्राने सुट्टी दिलेली नाही.

तरी जाण्यापूर्वी थोडी तयारी कर. लिनक्स या संगणक प्रणालीच्या आज्ञा आणि आर या संगणकीय भाषेची प्राथमिक ओळख करून घे. क्यूआयआयएमई २ हे डीएनएच्या क्रमांचे विश्लेषण करणारे साधन मोफत आहे आणि इतरांनी सार्वजनिक केलेले लहान संच घेऊन साध्या लॅपटॉपवर त्याचा सराव करता येतो. रोज एक तास, दोन महिने, एवढे पुरे.

नोंदवहीविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण देवाणघेवाणीतले अर्धे गैरसमज आकड्यांचे असतात. तू बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, त्याचे माप) मोजला असशीलच. आपल्याकडची मानक पद्धत २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांची आहे. युरोपात २० अंशांना पाच दिवस बाटली ठेवतात. पाच दिवसांची प्रथा ब्रिटनमधल्या सांडपाणी आयोगाच्या १९१२ च्या अहवालापर्यंत मागे जाते, आणि तिथल्या नद्यांचे पाणी तेवढ्या अवधीत समुद्राला मिळते म्हणून तो अवधी धरला, असे कारण सांगितले जाते. आपल्या उष्ण हवेला तीन दिवस आणि २७ अंश सोयीचे ठरले. दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांच्या जवळपास येतात असे मानतात, पण पद्धत न सांगता नुसता आकडा सांगितलास तर समोरचा माणूस तो पाच दिवसांचा समजेल आणि तुझी तुलना पहिल्याच दिवशी वाकडी होईल. (आपल्याकडे थंड करता येणाऱ्या कोणत्याही इन्क्युबेटरला सर्रास ‘बीओडी इन्क्युबेटर’ म्हणतात, तिथे हा शब्द कोणाला कळणार नाही, हेही ध्यानात असू दे.) कोलिफॉर्मचेही, म्हणजे विष्ठेच्या प्रदूषणाची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंचेही, तेच. बहुनलिका पद्धतीने आलेला एमपीएन (सर्वाधिक संभाव्य संख्या) हा अंदाज असतो आणि गाळणीच्या पडद्यावर मोजलेल्या कॉलन्या ही मोजणी असते. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवताना पद्धतीचा रकाना हवाच.

वहीत प्रत्येक नमुन्यासमोर ठिकाण, वेळ, पाण्याचे तापमान, आदल्या तीन दिवसांत पाऊस झाला का, आणि नमुना बर्फात किती तास होता, हे लिहिलेले आहे का? नसेल तर आठवून लिहू नकोस. ‘नोंद नाही’ असे लिही आणि पुढच्या नमुन्यापासून सुरू कर. वीज गेल्यामुळे इन्क्युबेटर चार तास बंद होता, हेही लिही. ती लाजेची गोष्ट नाही, ती माहिती आहे. लपवली तर मात्र चूक ठरते.

तापमानाची नोंद मी विशेषकरून मागते, कारण तुझ्या यजमानांना नागपूरकडून काही घेण्यासारखे असेल तर ते यात आहे. थंड हवेच्या देशांत सांडपाणी शुद्धीकरणाची आखणी हिवाळ्यातल्या पाण्याला धरून करावी लागते. पाणी दहा-बारा अंशांवर आले की नायट्रीकरण करणारे जिवाणू मंदावतात आणि सगळा हिशेब त्यांच्याभोवती फिरतो. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांना टेकते. त्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि जिवाणू मात्र वेगाने खातात, त्यामुळे नदी गुदमरते ती वेगळ्याच कारणाने. त्यांच्या प्रयोगशाळेतले निष्कर्ष आपल्या नदीला जसेच्या तसे लागू होतील, असे समजू नकोस आणि त्यांनाही समजू देऊ नकोस.

याला जोडूनच एक गोष्ट, जी तू पत्रात लिहिली नाहीस पण मला खटकली. तू १ जूनला निघणार, म्हणजे नेमका पहिला पाऊस चुकणार. एप्रिल-मेमध्ये नागनदीत जे वाहते ते जवळजवळ सगळे सांडपाणी असते, आणि पहिल्या मोठ्या पावसात नाल्यांतला, रस्त्यांवरचा साठलेला मळ एकदम नदीत येतो. तुझ्या सहा महिन्यांच्या मालिकेतला तो सर्वांत बोलका आठवडा असेल. म्हणून आत्तापासून एखाद्या कनिष्ठ विद्यार्थ्याला सोबत घे, त्याच पुलांवर, त्याच वेळी, त्याच खोलीवरून नमुना कसा घ्यायचा ते चार-पाच वेळा करून दाखव, आणि तुझ्या पश्चात त्याने ती मालिका चालू ठेवावी अशी व्यवस्था मार्गदर्शकांच्या संमतीने कर. त्याचे नाव पुढे शोधनिबंधात येईल, हेही त्याला आजच सांग. पावसाळ्यात एकट्याने नदीकाठी उतरायचे नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नागनदीने शहराची काय अवस्था केली, ते आपण पाहिले आहे.

नावांचा विषय निघालाच आहे तर तुझ्याही नावाचे. लाइपझिगमधल्या कामावर काही प्रसिद्ध झाले तर त्यात तुझा उल्लेख कोणत्या स्वरूपात असेल, आणि तिथे शिकलेली पद्धत वापरून इथे केलेल्या कामात त्यांचा उल्लेख कसा असेल, हे पहिल्या आठवड्यात विचारून, दोन्ही मार्गदर्शकांना एकाच ईमेलमध्ये घेऊन लिहून ठेव. आपल्याकडे मोठ्यांसमोर असे विचारणे उद्धटपणाचे वाटते. तिथे ते सामान्य शिस्तीत मोडते, आणि न विचारणाऱ्याचाच पुढे मनस्ताप होतो.

तिथल्या शिस्तीविषयी आणखी थोडेच. पहिल्या दिवशी सुरक्षेचे नियम समजावून सांगतील आणि तुझी सही घेतील. ते उपचार म्हणून घेऊ नकोस. माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही सांडपाण्याचे नमुने तोंडाने पिपेटमध्ये ओढत असू आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. आज आठवले की अंगावर काटा येतो. समजले नाही तर मान डोलावू नकोस, ‘समजले नाही, पुन्हा दाखवा’ असे म्हण. आठवड्याच्या बैठकीत गप्प बसलेल्या मुलीला तिथे नम्र समजत नाहीत, तिची तयारी झालेली नाही असे समजतात.

कागदपत्रांत एक जागा अशी आहे जिथे पुष्कळ जण अडकतात, म्हणून तुझ्या तारखा मी मोजून पाहिल्या. १ जून ते ३१ ऑगस्ट हे तीन महिने असले तरी दिवस ९२ होतात, आणि जर्मनीसह शेंगेन गटातल्या युरोपीय देशांतला अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात धरतात. म्हणजे एक तर कालावधी कमी करून घे, नाही तर दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा काढ, ज्याला अधिक वेळ लागतो. संशोधन-प्रशिक्षणासाठी कोणता प्रकार लागतो, हे यजमान संस्थेकडून आणि मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडून लेखी विचारून घे, कारण महाराष्ट्रातले अर्ज त्यांच्या कार्यकक्षेत येतात. अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विद्यावेतन बहुधा तिथे पोहोचल्यानंतर आणि बँकेचे सोपस्कार झाल्यानंतर हातात पडते, तेव्हा पहिल्या महिन्याचा खर्च घरून न्यावा लागेल, हे बाबांना आजच सांगून ठेव.

बाबांची काळजी रास्त आहे. तिसरे सत्र जुलैमध्ये सुरू होईल आणि हजेरीचा प्रश्न येईल. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला आणि संशोधन प्रकल्पाला श्रेयांक आहेत. हे तीन महिने त्यांपैकी कशात धरता येतील, याचे लेखी पत्र विभागप्रमुखांकडून निघण्यापूर्वी घे. तोंडी ‘होऊन जाईल’ वर जाऊ नकोस. पत्र हातात असले की वर्ष वाया जाण्याचे कारण उरत नाही, आणि ते बाबांना दाखवलेस की घरातले निम्मे बोलणे तिथेच संपेल.

राहिली तुझी लाज. याविषयी मला मनापासून बोलायचे आहे.

तू ज्या शहरात जाणार आहेस, त्या लाइपझिगमधून प्लाइसे नावाची नदी वाहते. दक्षिणेकडच्या तपकिरी कोळशावर (लिग्नाइटवर) प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचे फिनॉलमिश्रित पाणी तिच्यात येत असे आणि तिला इतकी दुर्गंधी सुटली की १९५० च्या दशकात शहराच्या मध्यातला तिचा प्रवाह चक्क जमिनीखाली बुजवून टाकण्यात आला. १९९० नंतर तो टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडण्याचे काम सुरू झाले. तिथून जवळच असलेल्या बिटरफेल्डचे भूजल रासायनिक कारखान्यांनी क्लोरोबेंझीनसारख्या द्रव्यांनी इतके दूषित केले होते की ते कोणते जिवाणू पचवू शकतील, याच्या अभ्यासातून तिथल्या संशोधकांनी आपले शास्त्र पुढे नेले. त्या मुलीच्या शिक्षकांनी घाण पाण्याजवळ बसूनच विद्या मिळवली आहे. आणि आपलीही परंपरा लहान नाही. पाणीपुरवठा, सांडपाणी आणि रोगराई यांच्या अभ्यासासाठी देशाने १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था काढली ती नागपुरात. १९७४ साली तिचेच नाव नीरी झाले. या विषयात नागपूरचे नाव घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

तेव्हा जानेवारीत ती येईल तेव्हा तिला आधी अंबाझरीवर ने, मग शहरातल्या दोन पुलांवर थांबव आणि शेवटी परवानगी काढून भांडेवाडीचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र दाखव. तिथले शुद्ध केलेले पाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिले जाते, हे ऐकून ती नक्की थांबेल आणि प्रश्न विचारील. औष्णिक वीज केंद्राने गोड्या पाण्याऐवजी शहराचे सांडपाणी वापरावे, ही कल्पना जगात अजून सर्वत्र रुळलेली नाही. जुना इन्क्युबेटर झाकू नकोस. त्यात थर्मामीटर ठेवून तुम्ही तापमान कसे तपासता, ते दाखव. नमुने घेताना हातमोजे दोघींनीही घाला. आणि परत जाताना तिने प्रेमाने एखादी स्लँट मागितली, तर तितक्याच प्रेमाने तिला नाही म्हण, कारण परदेशी नागरिकाला आपले जैविक संसाधन मिळवण्यासाठी तोच कायदा आणि तेच प्राधिकरण आहे. तू जर्मनीला जाताना जो नियम पाळलास, तोच तिला समजावून सांगणे तुला मग अवघड जाणार नाही.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर तू आजीलाच विचार. तिचे वय मला माहीत नाही, पण जुन्या नागपुरातली माणसे नागनदीच्या पाण्याच्या कितीतरी आठवणी सांगतात. निघण्यापूर्वी एका दुपारी तिच्याजवळ बस आणि विचार, तिच्या लहानपणी नदी कुठल्या महिन्यापर्यंत वाहायची, बायका धुणे कोणत्या काठावर न्यायच्या, मासे दिसायचे का, आणि वास केव्हापासून यायला लागला. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत त्याच नोंदवहीत, नमुन्यांच्या नोंदींपूर्वीच्या कोऱ्या पानावर, तारीख घालून लिहून घे.